मागची खुर्ची

डोंबिवली

चि. सई,


तुझा व्हॉइस मेसेज तीन वेळा ऐकला. पहिल्यांदा तू रडत होतीस म्हणून काही नीट कळलंच नाही. दुसऱ्यांदा काय झालं ते कळलं. तिसऱ्यांदा तुझ्या खोलीतल्या पंख्याचं बेअरिंग गेलंय हे कळलं. घरमालकाला सांग, नाहीतर आठवड्याभरात बंद पडेल. उत्तर फोनवरच देणार होतो, पण फोनवर तू मला दुसरं वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून कागद घेतला.

बँड सोडलास ते सोडलास. 'मुलगी आहे, ऱ्हिदम धरेल' असं ती पोरं खरंच म्हणाली असतील तर त्यांच्याकडे परत जाऊ नकोस. त्यात दुमत नाही. पण शेवटी तू जे म्हणालीस ना, 'मी कुणाच्या मागे बसून वाजवायला गिटार शिकले नाही, मामा', ते मला टोचलं. कारण मी छत्तीस वर्षं मागेच बसलोय. नाटक असो, ऑर्केस्ट्रा असो, गणपतीतला कार्यक्रम असो, माझी जागा शेवटच्या रांगेच्या मागे, मिक्सरपाशी. काम चोख झालं की मी तिथे आहे हे कुणाला कळत नाही आणि माईकने शिट्टी मारली की अख्ख्या थिएटरच्या माना मागे वळतात. तेव्हा मागे बसण्यातला अपमान मला कुणी शिकवायला नको. आणि मागे बसण्यात दुसरं काय असतं, तेही थोडंफार ठाऊक आहे.

तुला बडी गायबद्दल सांगतो. तू त्याची गाणी ऐकली आहेस, तुझ्या खोलीच्या दारावर त्याचा फोटोही आहे, पण तो उड्या मारतानाचा. मला त्याच्या बसलेल्या वर्षांबद्दल बोलायचंय.

आधी आजीची गंमत. 2011 साली वांद्र्याला मेहबूब स्टुडिओत महिंद्रा ब्लूज फेस्टिव्हल पहिल्यांदा झाला, तेव्हा आमच्या धंद्यातल्या एका मित्राने मला पास दिला. घरी विचारलं, कोणाचा कार्यक्रम? म्हटलं, बडी गाय. आजी म्हणाली, ''मोठी गाय? आणि ती गाते?'' तेव्हापासून आमच्याकडे त्याचं नाव निघालं की आधी सगळे हसून घेतात. तर ही 'गाय' तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षांची होती. ठिपक्याठिपक्यांचा शर्ट, तशीच ठिपक्यांची गिटार. त्या ठिपक्यांचं नंतर सांगतो.

मी काय पाहिलं ते ऐक. लोक त्याच्या बोटांकडे बघत होते, मी सवयीने आवाजाकडे. एका गाण्याच्या मध्यात त्याने हात असा काही हलका केला की आवाज खाली, आणखी खाली, आणखी खाली गेला. मागचे वादकही त्याच्याबरोबर उतरत गेले. मग तो माईकपासून बाजूला झाला आणि नुसत्या गळ्याने गायला लागला. हजारो वॅटची यंत्रणा लावलेली, आणि म्हातारा माईकशिवाय गातोय. समोरची गर्दी श्वास धरून उभी. मी ज्या मित्राच्या पासवर गेलो होतो तो कानात म्हणाला, ''फेडर खाली घ्यायला याला आपली गरजच नाही.'' पुढच्याच क्षणी त्याने तार अशी खेचली की माझ्या पोटात ढवळलं. आपल्याकडे मींड म्हणतात त्यातलाच प्रकार, पण इथे सूर मुक्कामाला पोहोचतच नाही, मधेच कुठेतरी हंबरडा फोडून थांबतो.

घरी येताना लोकलमध्ये मी एकच विचार करत होतो: इतकं हळू वाजवायला हा माणूस शिकला कुठे?

जन्म त्याचा 30 जुलै 1936 चा, लुइझियाना राज्यातल्या लेट्सवर्थ नावाच्या खेड्यातला. आईवडील दुसऱ्याची जमीन अर्धेलीने कसायचे. पोरं लहानपणापासून कापूस वेचायला. घरात वीज नाही, पाण्याचा नळ नाही. याने पहिलं वाद्य काय केलं असेल? खिडकीला डासांसाठी लावलेल्या जाळीतल्या तारा ओढून काढल्या आणि त्या ताणून वाजवत बसला. घरात डास कुठून येतात हे आईला कळेना. (तू सहावीत असताना माझ्या नव्या स्पीकरची जाळी काढून 'आत काय आहे' बघितलं होतंस, ते मी अजून विसरलेलो नाही.) पुढे वडिलांनी ओळखीच्या एका माणसाकडून दोन तारांची जुनी गिटार काही डॉलरला घेऊन दिली. जॉन ली हूकरचं एक गाणं त्यावर जमलं, तेव्हा बोटं सुटली तर पुन्हा सापडणार नाहीत या भीतीने तो तेच वाजवत राहिला, असं तो सांगतो.

मग आईला अर्धांगाचा झटका आला. शाळा सुटली. बॅटन रूज शहरात, तिथल्या विद्यापीठात, हा साफसफाईचं काम करायचा. संध्याकाळी कुणाच्या तरी बँडमध्ये. आणि तुला खरं वाटणार नाही, दारावरच्या फोटोत हवेत उडालेला हा माणूस तेव्हा इतका लाजायचा की प्रेक्षकांकडे पाठ करून वाजवायचा. त्यापायी एका बँडमधून हाकललंही. त्याचा आदर्श होता गिटार स्लिम, जो लांबच लांब केबल लावून गर्दीतून वाजवत यायचा. पाठ फिरवून उभा राहणारा मुलगा मनातल्या मनात त्या केबलची लांबी मोजत होता.

25 सप्टेंबर 1957 ला तो रेल्वेने शिकागोला निघाला. ही तारीख तो वाढदिवसासारखी सांगतो. शिकागो त्या काळी दक्षिणेतून आलेल्या काळ्या माणसांचं शहर झालं होतं. खाटीकखाने, पोलाद कारखाने, आणि रात्री ब्लूजचे अड्डे. खेड्यातल्या साध्या गिटारचा आवाज त्या गोंगाटात ऐकू जाईना म्हणून तिथे वीज आली, ॲम्प आले. म्हणजे बघ, त्या संगीताला अख्खं वळण लागलं ते आमच्या खात्यातल्या अडचणीमुळे! हे कुणी पुस्तकात एवढ्या ठळकपणे लिहीत नाही, म्हणून मी लिहितो.

काही महिन्यांत पैसे संपले. परतीच्या तिकिटासाठी घरी फोन करायची वेळ आली. उपाशीपोटी एका क्लबमध्ये वाजवायला मिळालं, आणि तिथे मडी वॉटर्स आला. मडी म्हणजे त्या गावचा राजा. त्याने पोराला आपल्या गाडीत बसवलं आणि सॅलमी घातलेलं सँडविच खायला दिलं. बडी ही गोष्ट आयुष्यभर सांगत आला आहे. गंमत म्हणजे मडी आपल्या गिटारबद्दल काय म्हणाला यापेक्षा त्या सँडविचबद्दल तो जास्त प्रेमाने सांगतो. भुकेल्याला काय आठवणार?

आता तुझ्या मुद्द्याकडे येतो. 1960 पासून 1967 पर्यंत तो चेस रेकॉर्ड्स या कंपनीकडे होता. स्वतःच्या नावाने थोडी गाणी झाली. पण जास्त काम काय, तर दुसऱ्यांच्या रेकॉर्डवर मागे वाजवायचं. हाउलिन वुल्फचं 'किलिंग फ्लोअर' आहे ना, 1964 चं, त्यात पुढे ह्यूबर्ट समलिनची गिटार ऐकू येते. बडी मागे आहे. ऐकताना त्याच्यावर लक्ष ठेव. तो गाडीच्या चाकासारखा आहे, खिडकीतून दिसत नाही.

आणि मडी वॉटर्सची 'फोक सिंगर' ही रेकॉर्ड. मालक लेनर्ड चेसला हवी होती जुन्या, खेडवळ वळणाची रेकॉर्ड, विजेच्या गिटारशिवाय. त्याने मडीला सांगितलं, मिसिसिपीतला कोणीतरी म्हातारा वादक शोधून आण. मडी आला तो सत्तावीस वर्षांच्या बडीला घेऊन. मालकाने शिव्या घातल्या. मग दोघं बसले आणि वाजवायला लागले. मालक गप्प. 1963 च्या सप्टेंबरमधलं हे रेकॉर्डिंग. विली डिक्सन बासवर, ड्रमवर क्लिफ्टन जेम्स.

सई, ही रेकॉर्ड रात्री दिवे घालवून ऐक, हेडफोनवर, मोबाइलच्या स्पीकरवर अजिबात नको. साठ वर्षं झाली तरी जगभरचे साउंडवाले आपला स्पीकर तपासायला ती लावतात. पहिलं गाणं लाव. मडी एक ओळ म्हणतो आणि थांबतो. त्या थांबण्यात खोलीचा घुमारा ऐकू येतो, भिंती कुठे आहेत ते कळतं. आता बडी काय करतो ते बघ. तो ती जागा लगेच भरत नाही. थांबतो. मग दोनच सूर टाकतो, जणू म्हाताऱ्या माणसाला 'हं' म्हणावं तसे. एकही सूर मडीच्या शब्दावर पडत नाही. ज्या पोराच्या हातात तेव्हा सगळ्या शिकागोला हादरवेल एवढं वादन होतं, त्याने ते सगळं दाबून धरलंय, आणि दाबून धरल्याचं कुठेही ऐकू येत नाही. मेहबूब स्टुडिओत मी जे पाहिलं त्याचा पत्ता मला इथे लागला. हे तो मागच्या खुर्चीवर शिकला.

आपल्याकडे पेटीवाल्याला हे सांगावं लागत नाही. गवई तान घेताना पेटी सावलीसारखी मागे. गवयाने श्वास घेतला की तेवढीच फट भरायची. तुझे पणजोबा भजनात पेटी धरायचे. त्यांना कोणी 'तुम्ही मागे का' असं विचारलं नाही, त्यांनाही ते सुचलं नसणार. पण गिटारच्या पोस्टरवर नेहमी एकटाच माणूस असतो, त्यामुळे तुम्हा मुलांची समजूत तशी होते.

इथे थांबलो तर पत्र सोपं झालं असतं: 'बघ, मागे बसला म्हणून मोठा झाला.' पण ते खोटं आहे. कारण त्याच चेस कंपनीने त्याच्यावर अन्यायही केला. क्लबमध्ये तो जसं वाजवायचा, ॲम्प फुल, फीडबॅकची किंकाळी, तार तुटेपर्यंत ओढायची, ते लेनर्ड चेसला नुसता गोंगाट वाटायचं. रेकॉर्ड करू दिलंच नाही. तोवर तिकडे इंग्लंडची गोरी पोरं तसाच आवाज काढून लाखो रेकॉर्ड विकायला लागली. जिमी हेंड्रिक्ससुद्धा याला ऐकायला यायचा. बडी सांगतो की शेवटी लेनर्डने त्याला ऑफिसात बोलावलं, स्वतः ओणवा झाला आणि म्हणाला, मार लाथ. तू हेच मला इतकी वर्षं देत होतास. गोष्ट मजेची आहे, मी ती चारचौघांत सांगून हशाही घेतलाय. पण त्याची ती वर्षं कोण परत देणार? पंचविशीतल्या बडी गायचा क्लबमधला खरा आवाज चेसच्या रेकॉर्डवर जवळजवळ नाहीच. माफी मागून टेप उलटी फिरत नाही.

म्हणजे एकाच कंपनीत, एकाच माणसाला 'हळू वाजव' असं दोनदा सांगितलं गेलं. एकदा मडीच्या गाण्यासाठी, एकदा मालकाच्या कानासाठी. पहिल्याने तो घडला, दुसऱ्याने त्याचं नुकसान झालं. मला तुझ्याकडून एवढंच हवंय की तुझ्या बँडमध्ये तुला 'आवाज कमी कर' असंही म्हणाले होते, ते यातलं कुठलं होतं, याचा राग शांत झाल्यावर विचार कर. तुमच्या गायिकेचे शब्द ऐकू येत नव्हते का? तुझ्याकडे रेकॉर्डिंग आहे, ऐक. मीही ऐकलं, तूच पाठवलं होतंस. तीन गाण्यांपैकी एका गाण्यात तू तिच्या अंगावरून गेली आहेस, पोरी. बाकी दोन्हींत त्या लीडवाल्या पोराला स्वतःखेरीज कुणी ऐकू येऊ नये असं वाटत होतं. तिथे तुझा राग खरा आहे.

मलाही हा फरक उशिरा कळला. एका नाटकाच्या प्रयोगात मुख्य नटाने मध्यंतरात येऊन सांगितलं, पार्श्वसंगीत खाली घ्या. मला वाटलं, याला स्वतःचाच आवाज ऐकायचाय. दुसऱ्या अंकात मुद्दाम होतं तसंच ठेवलं. शेवटच्या प्रवेशात एक म्हातारी नटी पुटपुटल्यासारखं एकच वाक्य बोलायची, ज्यावर सगळं नाटक उभं होतं, ते वाक्य मी लावलेल्या सनईखाली चिरडलं. तिने मला काही म्हटलं नाही. मेकअप उतरवताना फक्त आरशातून बघितलं.

बडीचं पुढचं थोडक्यात सांगतो, कारण तुला ते नेटवर मिळेल. दिवसा तो गाड्या ओढून नेणारा ट्रक चालवायचा आणि रात्री वाजवायचा. हे 1967 पर्यंत चाललं, म्हणजे वयाची तिशी ओलांडेपर्यंत. तेव्हा तुझी ती डेटा एंट्रीची नोकरी 'कलेचा खून' वगैरे करत नाहीये. ज्युनियर वेल्स या माउथ ऑर्गनवाल्याशी त्याची जोडी जमली, ती बरीच वर्षं टिकली. सत्तरच्या दशकात रोलिंग स्टोन्सच्या युरोप दौऱ्यात ते दोघे आधी वाजवायला होते. पण ऐंशीच्या दशकात बहुतेक काळ अमेरिकेतल्या कोणत्याही मोठ्या कंपनीचा त्याच्याशी करार नव्हता. तो आपला क्लब चालवत बसला. 1989 मध्ये शिकागोत 'लेजंड्स' सुरू केला, तो आजही आहे. एरिक क्लॅप्टनने त्याला लंडनला रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये आपल्याबरोबर उभं केलं, त्यातून 1991 ची 'डॅम राइट, आय्व्ह गॉट द ब्लूज' आली आणि पंचावन्नाव्या वर्षी पहिलं ग्रॅमी. त्यानंतर मानसन्मानांची रांगच लागली. 2012 मध्ये व्हाइट हाउसमध्ये त्याने ओबामांना गायलाच लावलं.

या सगळ्यात मला सगळ्यात आवडणारी रेकॉर्ड मात्र त्याच्या नावाची नाही. 1965 ची 'हूडू मॅन ब्लूज', ज्युनियर वेल्सची. चेसशी करार असल्यामुळे बडीचं नाव छापता येईना, म्हणून पहिल्या आवृत्तीच्या कव्हरवर गिटारवाल्याचं नाव 'फ्रेंडली चॅप' असं घातलं. म्हणजे 'भला माणूस'! रेकॉर्डिंगच्या वेळी त्याचा ॲम्प बिघडला. दुरुस्त होईपर्यंत थांबायचं कुठे, म्हणून इंजिनियरने गिटार हॅमंड ऑर्गनच्या लेस्ली स्पीकरला जोडून दिली. त्या स्पीकरच्या आत फिरतं शिंग असतं, आवाज गोल गोल फिरून बाहेर येतो. काही गाण्यांत गिटार पाण्याखालून आल्यासारखी वाटते ती त्यामुळे. बिघाड झाला, नाव नाही, मागची खुर्ची, आणि तिथे तो माणूस असा काही वाजवतो की ज्युनियरचं गाणं दुप्पट मोठं वाटतं. त्या इंजिनियरसारखी जोडणी आयुष्यात एकदा आपल्या हातून व्हावी असं मला फार वाटतं.

आता ठिपके. शिकागोला निघताना आजारी आईला बरं वाटावं म्हणून तो खोटं बोलला. म्हणाला, मी तिकडे खूप कमवीन आणि ठिपक्यांची कॅडिलॅक घेऊन तुला भेटायला येईन. 1968 मध्ये आई गेली. मुलाने मोठ्या गर्दीपुढे वाजवलेलं तिने कधी पाहिलं नाही. ते खोटं त्याच्या मनात राहून गेलं, म्हणून नंतर गिटारवर ठिपके आले. आज तो नव्वदीच्या आसपास आहे, तरी ठिपके आहेतच. 'सिनर्स' या 2025 च्या सिनेमात म्हाताऱ्या ब्लूज गायकाच्या भूमिकेत तोच आहे. तू आईबरोबर बघितलास ना? तुझी आई मध्येच झोपली असेल, ती गोष्ट वेगळी.

आणि आईचा विषय निघालाच आहे तर सांगतो. तू तिला 'बँडमध्ये लीड मीच वाजवते' असं सांगितलंयस, हे मला माहीत आहे. तिने मला चार जणांत अभिमानाने सांगितलं, तेव्हा मी मान हलवली. ते खोटं तूच निस्तर. ती रागावणार नाही. तिला लीड आणि ऱ्हिदममधला फरक कळत नाही, तू नीट जेवतेस का एवढंच तिला विचारायचं असतं.

आता काय करायचं ते सांगतो. दुसरा बँड लगेच शोधू नकोस. माझ्या ओळखीच्या एक गायिका आहेत, वयाने साठीच्या, मराठी-हिंदी जुनी गाणी गातात, महिन्यातून दोन-तीन कार्यक्रम. त्यांचा गिटारवाला गावी गेला आहे. मानधन फार नाही, पण वेळेवर देतात आणि जेवण घालतात. त्या फार हळू गातात, आणि ओळीच्या शेवटी श्वास घेताना मोठी जागा सोडतात. सहा महिने त्यांच्या मागे बस. त्याच सहा महिन्यांत आठवड्यातून एक दिवस, बंद खोलीत, शेजारी तक्रार करेपर्यंत ॲम्प फुल कर. मागे बसण्याच्या नादात हा दिवस सोडशील तर मी फोन करून विचारीन. बडीला त्या वयात अशा वाजवण्यासाठी क्लब होते, म्हणून तो वाचला.

तुझा ॲम्प दुरुस्त होऊन पडला आहे. इनपुटचा जॅक ढिला झाला होता, आतला एक सोल्डर सुटला होता, बाकी काही नाही. तू म्हणत होतीस तसा तो 'मेलेला' नव्हता. रविवारी येऊन ने. तुझी दहा फुटांची केबल मी फेकून दिली, मधे तुटली होती. त्याऐवजी तीस फुटांची करून ठेवली आहे. गुंडाळताना पीळ देऊ नकोस, मी दाखवलं होतं तशी आठच्या आकड्यात गुंडाळ.

येताना आजीसाठी चितळ्यांची बाकरवडी आण. तिने विचारलंय, ती गाय अजून गाते का म्हणून.

तुझा,
मामा